प्रतिस्पर्धी शून्य

डबल ड्यूटी करून लिफ्टचा मेकॅनिक घरी आला, तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. बूटही न काढता त्याने कॉम्प्युटर लावला आणि नेहमीचा खेळ उघडला.

डाव सुरू होण्याआधीची मांडामांड, एवढंच काय ते त्याचं सुख. नकाशा लहान ठेवायचा, जमीन सुपीक आणि प्रतिस्पर्धी शून्य. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून आल्यावर घरी पुन्हा लढाया कोण करणार? आपलं निवांत एक गाव वसवायचं.

नदीकाठी पहिलं घर बांधून त्याने आपली पाळी संपवली. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘थांबा. समोरच्याची खेळी चालू आहे.’

“अहो, हात धुऊन घ्या, नाहीतर पुन्हा गार...” आतून येणारा बायकोचा आवाज मध्येच तुटला. अक्षरं पुसली गेली. “...होईल सगळं,” ती म्हणाली.

समोरचा कोण? दमल्यामुळे चुकलो असू, असं म्हणत त्याने डाव मोडून नवा मांडला. शून्य नीट तपासलं आणि पाळी संपवली.

पुन्हा तीच अक्षरं. त्याने मान वळवली. बायको दारात एक पाय उचलून उभी होती. तिच्या बोटाला पाण्याचा थेंब लोंबत होता, पण पडत नव्हता.

अक्षरं गेली. थेंब पडला.

त्याने धडपडत प्लगच उपटला. पडदा काळा झाला.

“बंद केलंत? बरं झालं बाई,” बायको म्हणाली. “आता तरी दोन घास...”

तो पुढचा शब्द ऐकायला थांबला. तिचे ओठ अर्धवट उघडे, तसेच राहिले होते. काळ्या पडद्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.