विझलेल्या भट्टीचा महिना

आलेखातली रेघ सरळ चालता चालता एका एप्रिलमध्ये धपकन खाली बसली होती, आणि लेक त्या खड्ड्याकडे वैऱ्यासारखी बघत होती.

तिचं काम गेल्या शतकातला कार्बन मोजण्याचं. जुने फोटो, कोळशाच्या वॅगनींच्या नोंदी, हवामान असं सगळं चारून तिने संगणकाला शिकवलं होतं, कुठल्या गावाने कुठल्या महिन्यात किती धूर सोडला असेल. आता तो आपणहून सांगू लागला होता. तिच्याच गावातल्या काच कारखान्याने तो महिनाभर जवळजवळ काहीच सोडलं नाही, म्हणे.

“काचेची भट्टी कोणी विझू देत नाही,” साहेब म्हणाले होते. “उद्यापर्यंत कारण आण, नाहीतर तुझ्या मॉडेलचं काम बंद.”

त्या भट्टीचे मुकादम घरातच होते. तिचे बाबा. आपल्या हाताखाली भट्टी एक दिवसही विझली नाही, हे ते जेवायच्या आधी सांगत आणि जेवल्यावर पुन्हा. विझली तर आतली काच थिजते, भट्टी फोडून नव्याने बांधावी लागते, हेही. दुसरी आवडती गोष्ट लग्नाची: “मी सुट्टीत सहज गेलो होतो. तुझ्या आजोबांनी मुलगी गळ्यात मारली.” त्यावर आई भांडी जरा जोरात ठेवायची.

बाबांनी आलेखाचा छापील कागद पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

“मशीन चुकलंय. कोळसा आला नसेल, असं लिही.”

“चुकलंय, की कोळसा आला नाही? एक काय ते ठरवा.”

आई हात पुसत आली. तिने खड्ड्याखालचा महिना वाचला, साल वाचलं.

“अहो, तेव्हा तर तुम्ही आमच्या घरी ठाण मांडून होतात.”

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

“दोन दिवसांसाठी भट्टी मदतनिसावर सोपवली होती,” ते खिडकीलाच म्हणाले. “तुझे वडील आठवडाभर लग्नाला हो म्हणेनात. तिकडून निरोप, आच उतरतेय, निघा. कसा निघणार? विझली, नव्याने बांधायला महिना गेला. पुढे मालकाने अब्रूपायी बोभाटा केला नाही. मीही नाही.”

लेक हसत सुटली. बाबांचे कान लाल झाले, मग तेही हसले. कारण मिळालं होतं. लेकीने आलेखाला हात घातला, पण आईने तो आधीच उचलून छातीशी धरला होता.

“साहेबांना दुसरा काढून दे. हा माझा.”