वगळायचे शब्द

माणिकप्पांनी सांगितलेली जाहिरात "परमेश्वराच्या कृपेने व थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने" अशी सुरू झाली, तेव्हा शिवप्रियानं लॅपटॉपवरून हात काढून घेतले.

"आप्पा, ही लग्नपत्रिका न्हाय. माणूस गुगलवर काय लिहून शोधतो, ते सांगा."

"काय लिहिणार? लिंगायत मुलगी पायजे, उमरगा."

"मग तेच वर घालू."

बापाला ते फारच उघडंवाघडं वाटलं, पण लेकीचं ऐकणं भाग होतं. उमरग्यातलं त्यांचं वधू-वर सूचक केंद्र आजवर फोटोंच्या अल्बमवर चाललं. आता लोक स्थळंही मोबाइलवर शोधतात आणि केंद्राच्या पायरीशी चपला दिसत नाहीत.

"जाहिरातीवर कुणी बोट ठेवलं की आपले पैसे कटतात," शिवप्रिया म्हणाली. "म्हणून बिनकामाची माणसं आधीच टाळायची. कुठला शब्द शोधणाऱ्याला जाहिरात दाखवायची न्हाय, ते सांगा."

हा खेळ आप्पांना आवडला. "फुकट," ते म्हणाले. "उखाणे. मेंदी. बायोडाटा नमुना." ती लिहीत गेली. "अन् घटस्फोटित. नुसती चौकशी करत्यात, जुळत कायबी न्हाय."

तिची बोटं थांबली. मग तो शब्दही तिनं लिहिला.

शिवप्रिया घटस्फोट घेऊन कलबुर्गीहून माहेरी आली, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. अख्ख्या तालुक्याची लग्नं जुळवणाऱ्या माणसाच्या एकाही अल्बममध्ये तिचा फोटो नव्हता. आपण काय बोलून बसलो ते आप्पांना आता कळलं.

"हे लिहिल्यावर काय होतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तसं शोधणाऱ्याला आपलं केंद्र दिसत न्हाय."

"तू शोधलं होतंस?"

"व्हय, मागं एकदा. कुणीच दिसलं न्हाय." ती स्क्रीनकडंच बघत होती. "सगळ्यांनीच वगळलं असंल."

लोकांच्या पोरींसाठी उंबरे झिजवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पोरीपुढं मान वर करवेना.

"काढ तो शब्द," ते म्हणाले. "अन् जाहिरातीत घाल. पहिल्याच ओळीत."

जेवणं होईस्तोवर गुगलकडून जाहिरात मंजूर झाली. शिवप्रिया टेबलाशी येऊन बसली. आप्पा रोजच्या जागी न बसता समोर, आलेल्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आणि आपल्या मोबाइलवर एका बोटानं काहीतरी लिहीत राहिले. बराच वेळ त्यांचं ते चाललं होतं. मग टेबलावरचा केंद्राचा फोन वाजला.

नंबर आप्पांचा होता. तिनं वर बघितलं. ते मोबाइल कानाला लावून जमिनीकडं बघत होते. तिनं फोन उचलला.

"नमस्कार, वधू-वर सूचक केंद्र."

"तुमची जाहिरात बघितली," आप्पा फोनमध्ये म्हणाले. "मुलीसाठी स्थळ बघायचं होतं. घटस्फोट झालाय तिचा."

कुठल्याही मुलीच्या बापाला विचारावं तसं शिवप्रियानं विचारलं,

"मुलीला विचारलंय का, काका?"

"न्हाय," ते म्हणाले. "तिला इचारायलाच फोन केलाय."