चार टन ओढणारा विंच

रुतलेली गाडी दोरीने ओढून काढायला जीपला कोणता विंच बसवायचा, यात सुगतचे चार महिने गेले. दोरी स्टीलची की सिंथेटिक, बॅटरी पुरेल की बदलावी, बंपर कापावा की नवा घ्यावा. शेवटी मेकॅनिकनेही हात टेकले. अखेर चार टन ओढणारा विंच जीपच्या नाकावर बसला आणि मयूर विहारची अर्धी सोसायटी तो बघून गेली.

रविवारी सकाळीच त्याच्या मित्राचा, जयेशचा फोन आला. अरवलीतल्या एका नाल्यात त्याची गाडी रुतली होती. "यार, विंच फक्त तुझ्याकडे आहे. लवकर ये."

सुगत पार्किंगमध्ये धावला. जीपचं तोंड भिंतीकडे आणि मागे शेजारच्या बबनकाकांची छोटी गाडी आडवी. यात नवं काही नव्हतं. जागा कमी, म्हणून इथे आडवी गाडी सगळेच न्यूट्रलमध्ये ठेवतात. ज्याला निघायचं असेल तो ती ढकलतो. त्याने खांदा लावला. गाडी तसूभर हलेना. आत डोकावला तर हँडब्रेक ओढलेला. चार टनांचा विंच भिंतीकडे बघत बसला होता.

चिडूनच त्याने फोन लावला. काका सोसायटीच्या बसने पानिपतला, 'काला अंब'चं युद्धस्मारक बघायला निघाले होते.

"काका, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची असते ना?"

"अरे, इतके दिवस तुझ्यासाठीच ठेवायचो. आता तू ते ओढायचं मशीन बसवलंयस ना, म्हणून पहिल्यांदाच बिनधास्त हँडब्रेक लावून आलो."