इंदूरचं कार्ड

हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलण्याचं, लायसन मिळालं, त्या सकाळी गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाबालालचाचांनी मला माईकसमोर बसवून बजावलं, "कॉलसाइन, गाव, सिग्नल, बास. घरगुती गप्पा न्हाईत." मी बटण दाबून कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं सांकेतिक नाव, सांगून हाक दिली. खरखरीतून म्हातारा आवाज मराठीत उत्तरला, "इंदूरहून बोलतोय. ऐकू येतंय?" माझं पाठांतर उडालं. कोल्हापुरात पावण्याला विचारतात, तेच तोंडून निघालं, "जेवलासा का?" पलीकडून "नाही," एवढंच आलं आणि संपर्क तुटला. चाचांनी कपाळावर हात मारला. महिन्यानं पोस्टानं संपर्काची पोच देणारं कार्ड आलं. मागं लिहिलं होतं, 'आवाज स्पष्ट. बायको गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी उठून खिचडी टाकली.' चाचांनी कार्ड दोनदा वाचलं, माईक माझ्याकडं सरकवला. "इंदूर लाव, पोरी. आधी जेवलेत का इचार, कॉलसाइन मागनं."