मोडक्या शिंगाचा रेडा

पत्रकार व्हायचं म्हणून कॉलेजने मला पनाय बेटावरच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर शिकायला पाठवलं, आणि दीड महिना मी फक्त हरवल्या-सापडल्याच्या सूचना वाचत होते. दर सोमवारी सेवेरो नावाचा म्हातारा दारात हजर. "पोरी, माझा रेडा अजून नाही गं सापडला. उजवं शिंग मोडलंय त्याचं. परत एकदा वाच."

वाचून वाचून माझी जीभ झिजली. सहाव्या सोमवारी स्टेशनचे साहेब म्हणाले, "मोठी पत्रकार ना तू? मग जा, शोध तो रेडा!"

जीपनीतून, म्हणजे तिथल्या जीपवजा बसमधून उतरून तासभर चिखल तुडवला आणि त्याच्या घरी पोचले. मोडक्या शिंगाचा रेडा अंगणातच नारळाला बांधलेला, निवांत रवंथ करत होता.

"आजोबा, हा तर इथेच आहे की! मला काय वेडी समजलात?"

म्हातारा रेड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"माझा पोरगा बेन्होर भांडून निघून गेला, त्याला तीन वर्षं झाली. कुठे आहे, माहीत नाही; पण रेडिओ तर ऐकत असेल. रेडकू होतं तेव्हापासून ह्याला त्यानंच वाढवलंय.



बापासाठी नाही यायचा तो. ह्याच्यासाठी येईल."