खिळा धरा, जावईबापू

"प्रभूने मला आतून नवं केलंय, मामा," असं म्हणत जावई माहेरी येऊन बसलेल्या बायकोला न्यायला आला, तेव्हा सुतार सासरा गालातल्या गालात हसला. वरून पॉलिश, आत वाळवी, अशी कपाटं त्याने उभ्या जन्मात काय कमी पाहिली होती? लेकीच्या हनुवटीवर याने केलेली जखम अजून पुरती सुकलीही नव्हती. "हा खिळा धरा, जावईबापू," तो म्हणाला आणि त्याने हातोडा मुद्दामच जावयाच्या अंगठ्यावर हाणला. जावयाच्या तोंडून जुनीच शिवी सुटली, मूठ उगारली गेली. सासरा मनात म्हणाला, पडलं सोंग उघडं. पण मूठ हवेतच थांबली आणि हळूहळू उघडली. "माझ्यातला जुना माणूस अजून मेला नाही, मामा," जावई म्हणाला आणि त्याने दुसऱ्या हाताने खिळा पुन्हा धरला. "मारा." हातोड्यावर आवळलेली सासऱ्याची मूठ मात्र काही केल्या उघडेना.