शेवटच्या रांगेतला प्रश्न

"सभागृहातून कोणाला काही विचारायचंय?" म्हणत अध्यक्षांनी उत्तराआधीच फाइल मिटली. पहिल्या रांगेत आमदारांची माणसं बसली होती.

हेमांगीच्या पीएचडीची ती तोंडी परीक्षा. नदीतले मासे कशाने मेले हे तिने शोधलं होतं, पण त्यावर बोलायचं नाही अशी वरून तंबी होती. मी विरोध केला, म्हणून मला तिच्या मार्गदर्शकपदावरून हटवलं होतं.

ती व्यासपीठावरून उतरेना. शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं तर पदवी तिची जाणार होती, तरी तिनेच होकारार्थी मान हलवली. मी हात वर केला.

"मासे कशाने मेले?"

"आमदारांच्या कारखान्यातल्या रंगाने, मॅडम," म्हणत तिने पडद्यावर पुरावे लावले.

अध्यक्षांनी चिडून मला विचारलं, "समाधान झालं?"

"माझं झालं. आता पहिल्या रांगेला विचारा."